खेमूचा सरकारी वाढदिवस

त्या दिवशी सकाळी आमच्या गावात नळ आला, पण आवाज आला नाही. सडक अर्जुनीहून आत सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. तिथे ग्रामपंचायतीचा पंप चालवणारा माणूस रोज सातला टाकीचा वॉल खोलतो, शेजारच्या पंचायतीच्या खोलीत जाऊन माइक सुरू करतो, आणि बायका गुंड-बकेटी, म्हणजे घागरी-बादल्या, भरत असतात तोवर भोंग्यावरून दिनविशेष सांगतो... सांगायचा. तो माणूस म्हणजे माझा धाकटा भाऊ खेमराज. गावाचा आणि माझा खेमू. त्या दिवशी भोंग्यातून नुसती घरघर येत राहिली. बायकांना वाटलं, कागद शोधत असेल. पहिला गुंड भरला, दुसरा भरला, तरी काही नाही. तेव्हा आमच्या घरासमोरच्या यशोदाबाई नळ तसाच वाहता ठेवून पंचायतीत गेल्या. खेमू खुर्चीवर बसला होता, टेबलावर डोकं टेकून. चष्मा डोळ्यांवर होता आणि माइकचं बटण चालू होतं.

मी निवृत्त शिक्षिका, गोंदियात एकटी राहते. यशोदाबाईंनी सुनेच्या फोनवरून मला फोन लावला. "मास्तरीन, खेमू बोलून नाही राहिला वो," त्या म्हणाल्या. खेमूचा रोजचा फोन त्या दिवशी आला नव्हता आणि मी कणीक मळत होते. मला वाटलं, रुसला असेल कुणावर. "काऊन? कोनं काय म्हटलं त्याले?" असं मी विचारलंसुद्धा. पलीकडून रडण्याचा आवाज आला तेव्हा मला कळलं. आज पाच आठवडे झाले त्याला जाऊन, पण त्या मूर्ख प्रश्नाची लाज अजून जात नाही. आयुष्यभर पोरांना "आधी प्रश्न नीट समजून घ्या" म्हणून शिकवलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा हे असं.

खेमू माझ्याहून दहा वर्षांनी लहान. आमची माय लवकर गेली, म्हणून त्याला मीच वाढवला. त्याला कडेवर घेऊन मी चौथीच्या वर्गाबाहेर उभी राहायची आणि खिडकीतून पाढे ऐकायची. त्यामुळे माझं एक वर्ष बुडालं, पण त्याचे पाढे शाळेत जायच्या आधीच पाठ झाले. पुढे मी डी.एड. केलं, नोकरीला लागले, लग्न होऊन गोंदियाला आले. तो मात्र गाव सोडून हलला नाही. दहावीनंतर थोडी शेती केली, मग पंचायतीच्या पंपावर लागला. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "बाई, मी मांडवात बसलो तर त्या दिवशी पानी कोन सोडन?" थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. गावाच्या पाण्यासाठी संसार सोडणारा हा पहिलाच महापुरुष, असं मी त्याला चिडवायची. तो हसायचा, आणि तो विषय तिथेच राहायचा.

दिनविशेषाचं खूळ मीच त्याच्या डोक्यात घातलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी शाळेचं जुनं कपाट साफ केलं, त्यात परिपाठाला वापरायचं दिनविशेषाचं एक जाडजूड पुस्तक निघालं. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक पान. इतिहासात त्या दिवशी काय घडलं, कोण जन्मलं, कोण गेलं, कोणता सण, शेवटी एक सुविचार. रद्दीत टाकवेना म्हणून खेमूला दिलं. तोवर तो भोंग्यावरून एवढंच बोलायचा की नळ सुटला आहे, खालच्या मोहल्ल्यानं लवकर भरून घ्यावं, तोट्या बंद कराव्यात. एक दिवस सहज त्यानं त्यापुढे पुस्तकातलं पान वाचलं. दुसऱ्या दिवशीही वाचलं. तिसऱ्या दिवशी वाचलं नाही, तर दोन बायका पंचायतीत भांडायला आल्या, आज काय झालं होतं ते काऊन नाही सांगितलं म्हणून. तेव्हापासून त्यात खंड पडला नाही.

हळूहळू त्यानं त्यात आपलं घालायला सुरुवात केली. महाशिवरात्रीला आमच्या भागातल्या प्रतापगडाची माहिती सांगायचा तेव्हा हमखास म्हणायचा, "महादेवाले जानारे आन् दर्ग्याले जानारे, दोघायलेही दम एकाच चढावर लागते." सुविचाराच्या जागी त्यानं 'आजचा शब्द' आणला. म्हणजे पुस्तकात शेततळं असेल तर तो म्हणायचा, आपण त्याला बोडी म्हणतो, पोरांनो दोन्ही लक्षात ठेवा, एक परीक्षेत लिहा आणि एकात पोहा. सातच्या आधी मला फोन लावून तो फोन माइकजवळ ठेवायचा. मी गोंदियात चहा पीत ऐकायची आणि संपल्यावर चुका काढायची. सनावळी चुकली, नाव चुकलं, 'ण'चा 'न' केलास. तो शांतपणे ऐकून घ्यायचा. "पानी भरून झालं बाई साऱ्यायचं, आता कायले दुरुस्त करते?" म्हणायचा. मी चिडायची. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर दिवसभरात माझ्याशी कुणी बोलायचं ते तेवढंच.

आता ती रजिस्टरची गोष्ट सांगायला हवी. त्या पुस्तकाला वाळवी लागली होती आणि जून-जुलैची काही पानं तिनं साफ केली होती. पहिल्याच वर्षी एक जुलै आला आणि खेमूकडे पान नाही. मला विचारायचं सोडून हा गेला गावच्या शाळेत, गुरुजींकडून जुनं दाखल-खारीज रजिस्टर आणलं आणि ठरवलं की मोठ्या लोकांचं पान वाळवीनं खाल्लं तर आज आपल्या गावातल्यांचे वाढदिवस सांगू. आता हे वाचणाऱ्यांत जे जुने शिक्षक असतील ते इथेच हसले असतील. आमच्या पिढीच्या पोरांना जन्मतारीख कुठे होती? बाप पोराला हाताला धरून आणायचा, गुरुजी पोराकडे एकदा बघायचे आणि एक जुलै लिहायचे. मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत कितीतरी पोरांचे लिहिलेत. खेमूला हे माहीत नव्हतं असं नाही, त्याची स्वतःची तारीखही एक जुलैच. पण सगळ्या गावाची तीच असेल हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्यानं नावं वाचायला घेतली आणि ती संपेचनात. बाप आणि लेक एकाच दिवशी जन्मलेले, तिघे भाऊ एकाच दिवशी, सासू-सून एकाच दिवशी. गाव पाणी भरायचं सोडून हसत बसलं, खालच्या मोहल्ल्यातल्या तोट्या तशाच वाहत राहिल्या, वरच्या मोहल्ल्याचा वॉल खोलायचा राहून गेला आणि टाकी रिकामी झाली. वरच्या मोहल्ल्याला त्या दिवशी थेंब मिळाला नाही.

यशोदाबाई रिकामा गुंड काखेत घेऊन पंचायतीत आल्या. "माहा वाढदिवस म्हनतेस भोंग्यावर आन् मलेच पानी नाही? आन् जुलैत कोन जन्मलं रे? मी तर धानाच्या कापनीत जन्मली!" खेमूनं विचारलं, कापणीत म्हणजे कधी? तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. छप्पनच्या दसऱ्याला त्यांची माय नागपूरला दीक्षेला गेली, तेव्हा यशोदाबाई पोटात होत्या. परत आल्यावर कापणी लागली आणि गावच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी बांधीच्या धुऱ्यावरच, भाताच्या शेताच्या बांधावर, माय मोकळी झाली. बस, एवढंच त्यांना ठाऊक. खेमूनं ते एका वहीत लिहून घेतलं. मग त्या सालची दिवाळी कधी होती ते जुन्या पंचांगात पाहिलं, दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई कितव्या दिवशी भरायची ते चार म्हाताऱ्यांना विचारलं, आणि तारीख काढली. त्या वर्षी त्या तारखेला भोंग्यावर सांगितलं की आज अमुक क्रांतिकारकाचा जन्मदिवस, आणि आज आपल्या गावच्या यशोदाबाईंचा जन्मदिवस. त्या सकाळी यशोदाबाई नवं पांढरं लुगडं नेसून नळाशी बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी पाणी भरलं नाही, सुनेला भरायला लावलं.

मग गावातले म्हातारे रांगेनं त्याच्याकडे यायला लागले. माझा काढ गा, माझा काढ. खेमूची विचारायची एक रीत होती. तारीख, महिना, साल असलं तो काही विचारायचाच नाही. तू जन्मला तेव्हा बांधीत पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, होते की लोंबी? तलावाचं पाणी पारीपर्यंत, काठापर्यंत, होतं का? कोणता सण नुकताच झाला होता? त्या वर्षी कोणाच्या घरी मरण झालं होतं? दंडारीच्या नाटकात राजा कोण झाला होता? पण एकदा त्याची फजिती झाली. एका म्हाताऱ्यानं ठासून सांगितलेला दिवस त्यानं भोंग्यावर सांगितला, आणि आठवड्यात त्या म्हाताऱ्याची धाकटी बहीण त्याच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी निघाली. तेव्हापासून त्यानं नियम केला की कुणाचाही दिवस दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता सांगितल्याशिवाय भोंग्यावर जाणार नाही. एकानंच सांगितलेला दिवस वहीत पेन्सिलनं राहायचा. दुसरा साक्षीदार मिळाला की त्यावर शाई. कुणाकुणाला तो वर्षानुवर्षं पेन्सिलीत ठेवायचा. रागावले तर म्हणायचा, "तुह्या उमरीचं कोनी जित्तं हाये का ते आन."

आणि त्याचा स्वतःचा? एक जुलैला तो न चुकता गोंदियाला माझ्याकडे यायचा. "बाई, आज माहा सरकारी वाढदिवस." मी त्या खोट्या दिवसाला खरा शिरा करायची. खाता खाता तो म्हणायचा, "आता असली कधी ते सांग ना. तू तर होती ना घरी. मी झालो तेव्हा बांधीत काय होतं?" मी म्हणायची, "मले नाही आठवत." दहा वर्षांच्या पोरीला आपला भाऊ कधी झाला ते आठवत नाही, हे कुणाला पटेल? गावातल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीकडून तो तिच्या जन्मावेळचा पाऊस काढून घ्यायचा, पण माझ्या "नाही आठवत"पुढे त्यानं कधी दुसरा प्रश्न विचारला नाही. शिऱ्याची वाटी पुढे करायचा आणि अजून मागायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

मला आठवत होतं. सगळं आठवत होतं. खेमू पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मला, सकाळी, मारबतीच्या वेळी. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. त्या सकाळी आमच्याकडे गावातली सगळी माणसं मारबतीचा पुतळा ओढत शिवेबाहेर नेऊन टाकतात आणि ओरडत जातात, इडापिडा, रोगराई, खोकला, माश्या घेऊन जा गे मारबत! घराघरातलं सगळं वाईट तिच्यासोबत गावाबाहेर जावं म्हणून. ती मिरवणूक आमच्या दारावर यायच्या थोडं आधी खेमू झाला. ती शिवेवरून परत येईपर्यंत माय गेली. फार रक्त गेलं. सडक अर्जुनीला न्यायला बैलगाडी जुंपली होती, पण बैल कालच्या पोळ्याचे रंगवलेले तसेच अंगणात उभे राहिले. माझी मोठाई, म्हणजे बाबांची थोरली वहिनी, ओसरीत बसून छाती पिटत होती. पोर सुपात ठेवलं होतं. त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "गावाची इडापिडा तर भायेर गेली, आमच्या घरची हे सुपात रडून राहिली." जमलेल्या साऱ्यांनी ते ऐकलं. बाबांनीही ऐकलं. सुतक फिटल्यावर त्यांनी त्या साऱ्यांना हात जोडून गप्प केलं, मग मला गोठ्यामागे नेलं आणि सांगितलं की याचा दिवस कोणाला सांगायचा नाही, याला तर कधीच नाही. मायच्या फोटोवर हात ठेवून मी शपथ घेतली. पुढे बाबांनी त्याला शाळेत नेलं आणि गुरुजींनी एक जुलै लिहिलं. त्याला सांगितलं ते असं की तू वर्षाचा असताना माय तापानं गेली.

त्या शपथेला मी इतकी वर्षं धरून राहिले, असं म्हणायला बरं वाटतं. पण बाबा जाऊन वीस वर्षं झाली, मोठाई त्याआधीच गेली. मला कुणी अडवलं नव्हतं. एकदा तर शब्द ओठांवर आले होते. यंदाचाच एक जुलै. माइकची वायर घ्यायला तो गोंदियाच्या बाजारात आला आणि दुपारी माझ्याकडे जेवायला बसला. जिना चढताना दोनदा थांबला होता. "छातीत जळून राहिलं, सकाळी आलूगोंडे खाल्ले," म्हणाला, आणि मी त्याला जिरं-ओवा दिला. जिरं-ओवा! शिरा खाताना त्यानं नेहमीचं विचारलं, पण या वेळी हसला नाही. "बाई, साऱ्या गावाचे दिवस काढले मी. माहा एक राह्यला." मी म्हटलं, "खा मुकाट्यानं, बस चुकन." तो खाली बघून खात राहिला. मी त्याला बस स्टँडवर सोडायला ऑटोनं गेले. वाटेत ठरवलं, बसमध्ये बसायच्या आधी सांगते. बस लागलेलीच होती. खिडकीतून त्यानं वायरची पिशवी वर करून दाखवली आणि बस निघाली. मला हायसं वाटलं. हो, हायसंच वाटलं, कशाला खोटं लिहू?

तीन आठवड्यांनी तो गेला. रोवणी चालू होती, तरी बायका बांधीतून चिखलाच्या पायांनी अंगणात आल्या. दुसऱ्या दिवशी सडक अर्जुनीच्या फ्लेक्सवाल्याचा फोन आला. गावानं श्रद्धांजलीचा फलक सांगितला होता, जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा हव्या होत्या. फोन माझ्या हातात दिला. चार माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगितलं, एक जुलै. चौकात तो फलक लागला. चष्म्यातला खेमू आणि खाली माझं खोटं, ठसठशीत अक्षरात. जो एका माणसाच्या शब्दावर तारीख शाईनं लिहायचा नाही, त्याची तारीख माझ्या एकटीच्या शब्दावर लागली, आणि ती तारीख खोटी होती.

तेरवीला जेवणं उरकली, माणसं पांगली. यशोदाबाई मात्र अंगणात पत्रावळी गोळा करत होत्या. मला म्हणाल्या, "माहा दिवस त्यानं काढून देल्ला. त्याचा कोनीच काढून देल्ला नाही. फलकावर एक जुलै लावली. त्यानं पाह्यली असती तं हासला असता, का रडला असता?" मला राहवलं नाही. मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. मारबत, माय, मोठाईचं बोलणं, बाबांची शपथ. आयुष्यात पहिल्यांदा. त्या पत्रावळी गोळा करतच राहिल्या. मग म्हणाल्या, "मले माहीत हाये."

यशोदाबाईंची माय गावची सुईण होती, हे मी विसरलेच होते. त्या सकाळी सतरा वर्षांच्या यशोदाबाई मायसोबत आल्या होत्या आणि अंगणात चुलीशी पाणी तापवत बसल्या होत्या. मोठाईचं बोलणंही त्यांनी ऐकलं होतं.

"मंग खेमूले?" मी विचारलं.

"त्यालेही. ज्या वर्सी भोंग्यावर माहं नाव घेतलं ना, त्याच दिवशी. म्या म्हटलं, तू माहा दिवस देल्ला, घे तुहा. आन् सारं सांगतलं."

"मोठाईचं बोलनंही?"

"तेबी." त्यांचे हात थांबले. "नाही सांगाचं होतं का? मले वाटलं, मानसाले आपलं सारं माहीत पाह्यजे."

इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं. मला न दिसलेल्या किती गोष्टी एकदम दिसायला लागल्या... पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दिनविशेष संपला तरी तो फोन ठेवायचा नाही. बोलायचा काहीच नाही, "काय करून राहिली बाई?" एवढंच. मी म्हणायची, करंज्या तळते आहे, तेल तापलंय, ठेव. आणि तो ठेवायचा.

"मंग तो मले दरवर्सी काऊन विचारत होता?" मी म्हटलं.

यशोदाबाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मी वर्गातली सगळ्यात मठ्ठ पोरगी आहे. "मी एकटीच झाली ना सांगनारी, बाकीचे सारे तं मेले. त्याचा नियम नाही माहीत तुले? त्याले तुह्या तोंडून आयकाचं होतं. मी म्हटलं त्याले, पकडून विचार तिले. तं म्हने, नाही, बाईले जड होते. तिले वाटन तेव्हा सांगन."

बाईला जड होतं. मी त्याला वाचवत होते असं मला वाटत होतं, आणि तो मला सांभाळत होता. मोठाईचे ते शब्द पोटात ठेवून तो दरवर्षी माझ्याकडे यायचा, खोट्या वाढदिवसाचा शिरा खायचा आणि वाट बघायचा. आपल्या जन्माबद्दल त्याला जे काही ठाऊक होतं ते एवढंच होतं, अंगणात ऐकू आलं तेवढं. आतल्या खोलीतलं त्याला कुणीच सांगू शकत नव्हतं. यशोदाबाई चुलीशी होत्या, त्यांची माय कधीच गेली. आत काय झालं ते या जगात फक्त मला माहीत होतं. आणि मी ते का सांगितलं नाही, हे आता लिहूनच टाकते. शपथ वगैरे सगळं वरवरचं. मायचं शेवटचं बोलणं त्याच्याबद्दल होतं. माझ्याबद्दल नव्हतं. मी दहा वर्षांची होते, तिची पहिली लेक, आणि जाताना ती माझं नाव घेऊन गेली नाही. ते बोलणं त्याला दिलं असतं तर माझ्याकडे मायचं काय उरलं असतं? एवढ्या क्षुद्र कारणासाठी मी माझ्या भावाला एका म्हातारीच्या शिव्यांवर इतकी वर्षं ठेवलं. ज्याला मी कडेवर वाढवला त्यालाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोंदियाला परत निघणार होते. घराला कुलूप लावण्याआधी मधल्या खोलीत गेले. तो याच खोलीत जन्मला आणि शेवटपर्यंत इथेच झोपला. त्याची खाट भिंतीला लागून होती. उशाशी ती वही. उघडली. गावातली कितीतरी नावं, बहुतेकांवर शाई. शेवटच्या पानावर 'खेमराज' आणि पुढे पोळ्याचा दुसरा दिवस, पेन्सिलीनं. शेजारी साक्षीदारांची दोन नावं लिहायची जागा. एकीत यशोदाबाई. दुसरी कोरी, पण तिथला कागद खोडून खोडून मऊ पडला होता. दरवर्षी तो तिथे काहीतरी लिहीत असला पाहिजे आणि शिरा खाऊन परत आल्यावर पुसत असला पाहिजे. मी त्याच्या खाटेवर बसले. घरात कुणी नव्हतं. मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली, त्याच्याशी बोलायचे तशी, आपल्या बोलीत.

खेमू, आयक. बांधीत पऱ्हे लागून झाले होते, हिरवेगार. तलाव पारीपर्यंत भरला होता. यशोदाबाईची माय पान्यासाठी अंगनात गेली होती, खोलीत माय आन् मी, दोघीच. तू सुपात होता. माय म्हने, आन इकडे. मले तुले उचलता येत नव्हतं, भेव वाटे, म्हनून मी सूपच वढत तिच्याजवळ नेलं. तिनं तुह्या कपाळावर बोट ठेवलं. दारावरून मारबत चालली होती, सारं गाव वरडून राह्यलं होतं. माय ते आयकत होती. मंग ती हासली, खेमू, हासली ती, आन् म्हने, "आयक वो पोरी. सारी इडापिडा गावाभायेर चालली, आन् माहा पोरगा घरात आला. किती चांगला दिवस पाहून आला हा."